गणित येतं, जीवशास्त्र नाही: गणिती जीवशास्त्रात संशोधन आणि करिअर कसं घडतं

प्रश्न थोडक्यात असा: गणितात एम.एस्सी. सुरू आहे, अवकल समीकरणं आवडतात, जीवशास्त्राशी शेवटचा संबंध शाळेत आला. गणिती जीवशास्त्रात, म्हणजे जीवशास्त्रातले प्रश्न गणिताने सोडवण्याच्या क्षेत्रात, पुढे जाता येईल का, त्यासाठी जीवशास्त्र पहिल्यापासून शिकावं लागेल का, पीएच.डी. करावीच लागते का, नोकऱ्या नेमक्या कुठे असतात, आणि एआय आल्यावर या क्षेत्रात काही उरेल का?

मी या कामात वीसेक वर्षं आहे. त्यातली बरीचशी विद्यापीठात गेली, काही औषधनिर्मितीच्या बाजूला. उत्तर लांबेल, कारण यातल्या एकाही प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही.

जीवशास्त्राच्या भीतीपासून सुरुवात करतो. ती जवळपास प्रत्येक गणितवाल्याला असते, आणि बहुतेकदा चुकीच्या जागी असते. १९०८ साली गॉडफ्रे हार्डी या शुद्ध गणितवाल्याकडे त्याच्या ओळखीचा जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट एक शंका घेऊन आला: प्रभावी गुणधर्म पिढ्यान् पिढ्या पसरत जाऊन सगळी लोकसंख्या व्यापून का टाकत नाही? हार्डीने दिलेलं उत्तर शाळकरी बीजगणितात बसतं, आणि आज ते जनुकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. व्हिटो व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाचंही तसंच. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी कमी झाली, तेव्हा जाळ्यात येणाऱ्या माशांमध्ये शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं का दिसलं, हा प्रश्न त्याला उंबेर्तो द'आंकोना या प्राणिशास्त्रज्ञाने विचारला. १९२६ मधली शिकारी-भक्ष्याची समीकरणं त्यातून आली. दोघांनाही जीवशास्त्र फारसं येत नव्हतं. त्यांच्याकडे नेमका प्रश्न घेऊन येणारा माणूस मात्र होता, आणि त्याचं ऐकून घ्यायची तयारी होती.

तुमच्याकडे गणित आहे. प्रश्न अजून नाही. या क्षेत्रातल्या करिअरची गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच.

चांगला प्रश्न म्हणजे काय, हे सांगायला मला एचआयव्हीचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी तेच सांगतो. लागण झाल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे सोडले, तर रुग्णाच्या रक्तातलं विषाणूंचं प्रमाण कित्येक वर्षं साधारण एकाच पातळीवर राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की विषाणू सुस्त आहे, फार काही घडत नाही. आता शाळेतलं हौद आणि नळाचं गणित आठवा. हौदातली पातळी स्थिर आहे एवढ्यावरून पाणी थांबलंय की धो धो येऊन तितकंच धो धो जातंय, हे कळत नाही. ते कळायला वरचा नळ बंद करून पातळी किती वेगाने उतरते ते पाहावं लागतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर विषाणूला नवे संसर्गक्षम विषाणू बनवू न देणारी प्रोटीएज रोधक औषधं आली, तेव्हा तो नळ बंद करण्याची सोय झाली. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतला अॅलन पेरेल्सन आणि डॉक्टर-संशोधक डेव्हिड हो यांच्या गटाने १९९६ मध्ये पाच रुग्णांचं रक्त औषध सुरू केल्यावर थोड्या थोड्या तासांनी तपासलं. पातळी उतरण्याच्या वक्रावरून त्यांनी आकडे काढले: रक्तातल्या विषाणूचं अर्धायुष्य सुमारे ६ तास, विषाणू तयार करणाऱ्या पेशींचं साधारण दीड दिवस, आणि रोज तयार होणारे नवे विषाणू सुमारे १ हजार कोटी.

सुस्त कसला! या विषाणूच्या जनुकसंचात साधारण १० हजार अक्षरं आहेत, आणि नक्कल करताना दर अक्षरामागे चूक होण्याची शक्यता लाखात साधारण तीन या पातळीची. या दोन्ही आकड्यांना रोजच्या हजार कोटींशी जोडून पाहिलं, की कोणत्याही एका जागची चूक शरीरात रोज अनेकदा घडत असणार हे दिसतं. म्हणजे एकाच औषधाला दाद न देणारा विषाणू बहुधा उपचाराआधीच तिथे असतो. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या चुका एकाच विषाणूत एकदम जुळून येणं मात्र फार दुर्मीळ. अनेक औषधं एकत्र देण्यामागचा तर्क या हिशेबाने पक्का झाला. यातलं मूळ समीकरण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सोडवेल. अवघड भाग दुसराच होता. स्थिर रेषेकडे पाहून "हिच्या मागे वाहतं काय?" असं विचारणं, आणि ते मोजता येईल असा प्रयोग सुचणं.

आता माझी एक फजिती. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका प्रथिनाच्या स्वनियमनाचं मॉडेल घेऊन त्यात आंदोलनं निर्माण होतात हे सिद्ध केलं होतं. हॉफ द्विभाजन (स्थिर अवस्था मोडून आंदोलनं कुठे सुरू होतात ते सांगणारं गणित), स्थिरता, सगळं काटेकोर. सिद्धता आठ पानांची. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका बाईंना मी ती मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "हे व्हायला प्रथिनाचं अर्धायुष्य किती लागतं?" मी तर सेकंद-मिनिटं काढून सगळी चलं एककरहित करून टाकली होती! कागदावर उलटा हिशेब केला, उत्तर आलं दोन-तीन सेकंद. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या वेळात पेशीचं ते प्रथिन बनवूनही होत नाही रे." आठ पानांत चूक एकही नव्हती, आणि त्यांचा उपयोगही नव्हता. तेव्हापासून मी कोणत्याही मॉडेलमध्ये आधी एककं लिहितो.

तर जीवशास्त्र किती शिकायचं? सगळं नाही. एक व्यवस्था निवडायची, मग ती मलेरिया असो, जखम भरून येणं असो की जिवाणूंचा प्रतिजैविकांना होणारा प्रतिकार, आणि तिच्यात तज्ज्ञाशी बोलताना अडखळणार नाही इतकं खोल जायचं. गोष्टी कशा मोजल्या जातात, मोजमापात चूक किती असते, कोणती गोष्ट मोजताच येत नाही, हे कळलं पाहिजे. पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करण्यात वर्षं घालवू नका.

गणिताच्या बाजूला मात्र तुमच्यात एक भोक असण्याची दाट शक्यता आहे, ते म्हणजे संख्याशास्त्र. अवकल समीकरणांची आवड असलेले लोक संख्याशास्त्राला कमी लेखतात, मीही लेखायचो. त्याची किंमत काय पडते, हे साथीच्या मॉडेलात स्वच्छ दिसतं. साथीचं गाजलेलं मॉडेल मांडणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या प्रसिद्ध निबंधात जो आलेख आहे, तो मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचा, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातला. मॅकेंड्रिक स्वतः भारतात वैद्यकीय सेवेत राहिलेला होता. मॉडेलचा वक्र त्या आकड्यांवर इतका छान बसतो की आजही तो आदर्श म्हणून दाखवला जातो. पण प्लेग मुख्यतः उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो, आणि त्या सोप्या मॉडेलात ना उंदीर आहेत ना पिसवा. लेखकांनी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं आहे की त्यांची गृहीतकं तंतोतंत खरी नाहीत आणि त्यांचं समीकरण हा फार ढोबळ अंदाज आहे. वक्र बसला म्हणजे यंत्रणा सापडली असं होत नाही. साथीच्या सुरुवातीच्या दिवसांत तर आणखी वाईट अवस्था असते. नुसत्या वाढत्या आकड्यांवरून संसर्गाचा दर आणि बरं होण्याचा दर यांच्यातला फरक तेवढा कळतो. ते दोन दर वेगवेगळे कळत नाहीत. फरक तोच ठेवून दोन्ही दर बदलले, तर सुरुवातीचा वक्र हुबेहूब तोच येतो आणि साथीचं शिखर भलतीकडे जातं. मॉडेलातले असे दर, म्हणजे पॅरामीटर, आकड्यांवरून ओळखता येतात की नाही, हा प्रश्न विचारायची सवय नसलेला मॉडेलर साथीच्या काळात धोकादायक ठरतो.

संशोधनाचे विषय तुम्हाला पुष्कळ सापडतील, सगळे मोजत बसत नाही. मला सध्या सगळ्यात जिवंत वाटतात ते तीन.

पहिला कर्करोग. गाठीतल्या पेशी एकसारख्या नसतात, काही औषधाला बळी पडतात, काही पडत नाहीत. जास्तीत जास्त मात्रा देऊन पहिल्या सगळ्या मारल्या, तर दुसऱ्यांना स्पर्धकच उरत नाही. लोट्का-व्होल्टेराच्या स्पर्धा-समीकरणांत हे दोन ओळींत दिसतं. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये रॉबर्ट गेटनबी आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात उलटा डाव खेळून पाहिला: रक्तातली खूण निम्म्यावर आली की औषध थांबवायचं, ती मूळ पातळीवर परतली की पुन्हा सुरू करायचं, म्हणजे बळी पडणाऱ्या पेशी बाकीच्यांना दाबून ठेवतील. छोट्या चाचणीतले निकाल आशादायक आले. मोठ्या चाचण्यांशिवाय यावर छातीठोकपणे बोलू नये. पण गणिती विचारातून निघालेलं उपचाराचं वेळापत्रक रुग्णापर्यंत पोचलं, हीच मोठी गोष्ट आहे. मॉफिटमध्ये गणिती कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे.

दुसरा विषय, विषाणूंच्या जनुकक्रमांवरून साथीचा इतिहास काढणं. १९८२ मध्ये जॉन किंगमनने मांडलेली कोअॅलेसंट प्रक्रिया, म्हणजे वंशरेषा मागे मागे जात समान पूर्वजापाशी कशा मिळतात याचं गणित, ही शुद्ध संभाव्यताशास्त्राची वस्तू. आज तिच्या आधाराने विषाणूंच्या वंशवृक्षावरून साथ कधी सुरू झाली, किती वेगाने वाढली, हे सांगता येतं. संभाव्यता आवडत असेल तर इथे कामाला तोटा नाही.

तिसरा, एकेका पेशीतला यदृच्छपणा. काही रेणू पेशीत मोजून दहा-वीस असतात, तिथे सरासरीची समीकरणं फसवतात. या विचाराचं मूळ जुनं आहे. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी जिवाणूंच्या वेगवेगळ्या नळ्यांमधल्या, जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूला दाद न देणाऱ्या वसाहतींच्या संख्येत सरासरी सोडून विखुरण पाहिलं. त्यावरूनच म्युटेशन विषाणूशी गाठ पडण्याआधी होतं, ती गाठ पडल्यामुळे नाही, हे दाखवलं. नुसत्या आकड्यांच्या पसरटपणावरून एवढं मोठं निदान! मला हा प्रयोग आजही थक्क करतो.

शुद्ध गणितातून येणाऱ्यांसाठीही जागा आहे. रासायनिक अभिक्रियांच्या जाळ्यांचा सिद्धांत, वंशवृक्षांमधली बैजिक भूमिती, आकारांच्या माहितीसाठी टोपोलॉजी, इथे खरी प्रमेयं सिद्ध होतात. मात्र धीर हवा. ट्युरिंगने १९५२ मध्ये नक्षी कशी उमटते याचं गणित मांडलं, आणि एका समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे त्या गणिताप्रमाणे सरकतात हे कोंडो आणि असाई यांनी दाखवलं ते १९९५ मध्ये.

एक कान टोचण्याची गोष्ट. या विषयाच्या नावाखाली एक साचेबंद निबंध फार निघतो: साथीचं जुनं मॉडेल घ्या, त्यात आणखी एक खण (म्हणजे लोकांचा आणखी एक गट) जोडा, हवं तर साधं अवकलज काढून अपूर्णांकी घाला, आर-नॉट (एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) एकापेक्षा लहान असेल तर स्थिरता असते हे सिद्ध करा, शेवटी संगणकावर काढलेले चार आलेख. त्यात जीवशास्त्राचा एकही प्रश्न सुटत नाही, आणि बहुतेक वेळा विचारलाही गेलेला नसतो. अशा दहा निबंधांची यादी घेऊन चांगल्या गटात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची जागा) मागायला गेलात तर ती यादी तुमच्या विरोधातच जाईल. मार्गदर्शक निवडताना त्यांचे गेल्या पाच वर्षांतले निबंध उघडा आणि सहलेखकांत प्रयोग करणारं कुणी आहे का ते पाहा. जुने विद्यार्थी आज कुठे आहेत ते विचारा. संस्थेच्या नावापेक्षा या दोन गोष्टी जास्त सांगून जातात. नावंच हवी असतील तर ऑक्सफर्डचं वुल्फसन सेंटर, जर्मनीत प्ल्योनमधली मॅक्स प्लांकची उत्क्रांती-जीवशास्त्र संस्था, इटलीत त्रिएस्तमधल्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा क्वांटिटेटिव्ह लाइफ सायन्सेस विभाग ही पाहण्यासारखी. आयसीटीपीचा एक वर्षाचा डिप्लोमा विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि दिशा बदलायला फार उपयोगी पडतो. सोसायटी फॉर मॅथेमॅटिकल बायॉलॉजी ही १९७३ पासूनची संघटना, तिच्या वार्षिक परिषदेचे सारांश वाचले तर वारं कुठे वाहतंय ते कळतं.

आता नोकऱ्या. "गणिती जीवशास्त्रज्ञ पाहिजे" अशी जाहिरात विद्यापीठांबाहेर जवळपास दिसत नाही, आणि ती न दिसल्यामुळे मुलं निराश होतात. काम आहे, पण ते दुसऱ्या नावांनी.

सगळ्यात भक्कम दार औषध कंपन्यांचं. फार्माकोमेट्रिक्स हा शब्द शोधा. शरीर म्हणजे काही जोडलेले खण, औषध त्यांच्यातून वाहतं, यकृत-मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. ही तुमचीच रेषीय अवकल समीकरणं. गुंतागुंत येते ती माणसामाणसांतल्या फरकामुळे. प्रत्येक रुग्णाचे पॅरामीटर वेगळे, आणि एकेकाचे रक्ताचे नमुने अवघे चार-पाच. त्यासाठी सगळ्यांना समान भाग आणि प्रत्येकाचा वेगळेपणा एकत्र मोजणारी मिश्र-परिणाम मॉडेलं वापरतात, नॉनमेम किंवा मोनोलिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये. एक नमुन्यादाखल प्रश्न: मोठ्यांवर तपासलेल्या औषधाची मुलांसाठी मात्रा किती? वजन निम्मं म्हणून औषध निम्मं, असं चालत नाही. शरीरातून औषध निघून जाण्याचा वेग वजनाच्या साधारण ०.७५ या घातांकाने बदलतो असं धरतात, आणि अगदी लहान बाळांसाठी अवयवांच्या अपरिपक्वतेची वेगळी दुरुस्ती करतात. औषध-नियामक संस्था अशी मॉडेलं पुरावा म्हणून तपासतात, त्यामुळे हे काम कंपनीला टाळता येत नाही. याच घरातली धाकटी बहीण म्हणजे क्वांटिटेटिव्ह सिस्टिम्स फार्माकॉलॉजी, तिथे रोगाची यंत्रणाच समीकरणांत मांडतात. मला स्वतःला तिथलं काम आवडलं. त्रास एकाच गोष्टीचा झाला, तो म्हणजे कागदपत्रांचा. दर निर्णयाचं कारण लिहून ठेवावं लागतं.

सार्वजनिक आरोग्यातलं काम समाधान देतं, पण तिथला निधी साथीबरोबर वाढतो आणि साथीबरोबर ओसरतो, करार छोटे असतात. जिनोमिक्समध्ये, म्हणजे जनुकक्रमांच्या अभ्यासात, जागा भरपूर, मात्र तिथे प्रोग्रॅमिंग आधी आणि गणित नंतर विचारतात. जैवतंत्रज्ञानात जिवाणूंकडून हवा तो पदार्थ बनवून घेताना त्यांच्या चयापचयाचं गणित करतात, ते बव्हंशी रेषीय प्रोग्रॅमिंग असतं. आणि एक दार सगळे विसरतात: मत्स्यसाठ्याचं मूल्यमापन. किती मासे पकडले तर पुढच्या वर्षी तेवढेच मिळतील, याचा हिशेब मत्स्यव्यवसाय असलेल्या देशांच्या सरकारी संस्थांना दरवर्षी करावा लागतो. प्रसिद्धी नाही, पण काम स्थिर आणि गणित खरंखुरं.

पीएच.डी. लागते का? विद्यापीठात आणि स्वतंत्र संशोधनात लागतेच, तीनपासून पाच-सहा वर्षं धरा, वर एक-दोन पोस्टडॉक, आणि तरीही कायम जागा मिळेल याची हमी नाही. हे आधीच माहीत असू द्या. फार्माकोमेट्रिक्समध्ये ती असेल तर दार सहज उघडतं, पण एम.एस्सी. आणि चांगल्या अनुभवावरही लोक आत येतात. जिनोमिक्समध्ये एम.एस्सी. बऱ्याचदा पुरते. पीएच.डी. फक्त नोकरीसाठी करायची असेल तर करू नका. प्रश्न रात्री झोपू देत नसेल तर करा.

एआयबद्दल. प्रथिनाची घडी शेवटी कोणत्या आकाराची असेल हा जुना प्रश्न अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने बऱ्याच अंशी निकालात काढला, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला विभागून मिळालं. ते शक्य झालं कारण दशकानुदशकं प्रयोगांतून जमलेल्या रचनांचा प्रचंड साठा हाताशी होता. नव्या साथीच्या तिसऱ्या आठवड्यात असा साठा नसतो, बारा रुग्णांच्या चाचणीतही नसतो. तिथे यंत्रणा समजून थोड्या आकड्यांतून निष्कर्ष काढावा लागतो, आणि "औषध थांबवलं तर काय होईल?" असा कधीच न घडलेल्या गोष्टीचा प्रश्न विचारावा लागतो. दोन्ही पद्धती एकत्र वापरणारे लोक पुढे जाताना दिसतात. तेव्हा मशीन लर्निंग शिकाच. समीकरण मांडण्याचं काम ते तुमच्याकडून इतक्यात काढून घेणार नाही. बटण दाबल्यासारखी स्थिरतेची गणितं करून देण्याचं काम मात्र गेलंच म्हणून समजा.

पुढच्या सहा महिन्यांत काय करावं, तर एवढंच. पायथन किंवा आर, यांपैकी एक भाषा हात बसेपर्यंत शिका. बायोमॉडेल्स नावाचा मॉडेलांचा खुला संग्रह आहे, त्यातून तुमच्या आवडीच्या व्यवस्थेचं एक छोटं मॉडेल घ्या, मूळ निबंध वाचा आणि त्यातली एक आकृती स्वतःच्या प्रोग्रॅमने हुबेहूब काढा. ती पहिल्या झटक्यात येणार नाही. कुठे एकक चुकलेलं असेल, कुठे निबंधात पॅरामीटरच छापलेला नसेल. तो शोध घेताना जे शिकाल ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. बरोबरीने बेझियन अनुमानाची (आधीचा अंदाज नव्या आकड्यांनी सुधारत नेण्याच्या पद्धतीची) ओळख करून घ्या आणि त्याच मॉडेलचे पॅरामीटर आकड्यांवरून परत मिळतात का ते पाहा.

मग त्या विषयावर प्रयोग करणाऱ्या एखाद्या गटाला पत्र लिहा. त्यात "मला संधी द्या" असं लिहू नका. "तुमच्या अमुक निबंधातली तिसरी आकृती मी मॉडेलमधून काढून पाहिली, दहाव्या तासानंतर माझा वक्र तुमच्या आकड्यांच्या खाली जातो, असं का होत असेल?" असं लिहा. मला अशी पत्रं वर्षाला दोन-तीन येतात. त्या प्रत्येकाला मी त्याच दिवशी उत्तर देतो.